उतारवयातील स्त्री आणि मुंबईची इस्पितळे



आपल्या भाषेत मुलगी वयात आल्याची बातमी सांगणारे शब्द पुष्कळ आहेत. तिला न्हाण आले, तिला पदर आला, ती शहाणी झाली, असे आपण म्हणतो. एके काळी गिरगावच्या वाड्यांतून ह्या प्रसंगी मखर घालीत, मुलीला नटवून त्यात बसवीत आणि शेजारणीपाजारणींना बोलावीत. पुढे महिन्याच्या महिन्याला जी अडचण येते, तिलाही बाहेर बसणे, कावळा शिवणे अशी आडवळणाची नावे आहेत. परंतु हेच चक्र पंचेचाळिशी-पन्नाशीच्या सुमारास थांबते, तेव्हा त्याला मखर नाही, ओटी नाही, आणि शब्दही जवळजवळ नाही. ‘पाळी गेली’ एवढे दोन शब्द, तेही बहुधा दुसऱ्या बाईच्या कानात. ऋतुनिवृत्ती, रजोनिवृत्ती हे शब्द पुस्तकांत सापडतात. ते माजघरात कधी शिरले नाहीत.

एका निवृत्त शाळामास्तराने, त्यातून पुरुषाने, ह्या विषयावर बोलावे हे काही श्रोत्यांना चमत्कारिक वाटेल. मी वैद्य नाही, आणि औषधे सांगण्यासाठी येथे बसलेलोही नाही. मी आयुष्यभर इतिहास शिकविला, आणि तो शिकवीत असता एक गोष्ट मला वारंवार खटकली. इस्पितळांचा इतिहास म्हणून आपण इमारतींचा आणि देणगीदारांचा इतिहास सांगतो. त्या इमारतीच्या दारात कोण आले आणि कोण आलेच नाही, हे कोणी विचारीत नाही. मुंबईत खास स्त्रियांसाठी इस्पितळ निघाल्याला सुमारे एकशेचाळीस वर्षे झाली. एवढ्या काळात पन्नाशीच्या बाईला त्या दारातून आत जाण्यास कोणते निमित्त सापडले, ते आज पाहावयाचे आहे. राहिला प्रश्न सभ्यतेचा. ह्याच मुंबईत प्राध्यापक र. धों. कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले आणि वाचकांच्या खाजगी प्रश्नांना त्यात उघड उत्तरे दिली. त्या उत्तरांपायी १९३४ साली त्यांच्यावर खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांचे वकीलपत्र घेतले, तरी खटला हरला आणि कर्व्यांना दंड भरावा लागला. आपण त्या मानाने पुष्कळच सुखाच्या काळात बोलत आहोत.

आमच्या जुन्या वैद्यकाला ही अवस्था ठाऊक नव्हती असे मात्र नाही. सुश्रुतसंहितेत स्त्रीचे रज बाराव्या वर्षी सुरू होते आणि पन्नासाव्या वर्षी क्षय पावते, असे स्वच्छ सांगितले आहे. म्हणजे दोन्ही टोकांची नोंद आहे. परंतु जे वयोमानाने येते त्यात उपचार तो काय करावयाचा, अशी एकूण दृष्टी. पुष्कळ लोक म्हणतात की पूर्वी बायका इतक्या जगतच नव्हत्या, मग हा प्रश्न येणार कोठून? हे म्हणणे फसवे आहे. १९०१ ते १९११ ह्या दशकात हिंदुस्थानातील सरासरी आयुर्मान तेवीस वर्षांच्या आसपास होते हे खरे. पण ती सरासरी मुख्यतः दगावलेल्या तान्ह्या मुलांनी खाली ओढलेली असते. जी बाई बालपण आणि बाळंतपणे ह्या दोन्ही घाट्यांतून पार पडली, ती साठीला पोचणे काही नवलाचे नव्हते. प्रत्येक वाड्यात एक तरी आजीबाई असेच, आणि तिचा दराराही असे.

हा दरारा नीट समजून घेतला पाहिजे. पाळी गेलेली बाई महिन्याचे तीसही दिवस सोवळ्यात वावरू शकते. देवघर, ओवळे-सोवळ्याचा स्वयंपाक, श्राद्धपक्ष, तीर्थयात्रा, ह्यांपैकी कोणतीही गोष्ट आता तिच्या आड येत नाही. सुनेला दर महिन्यास बाजूला बसावे लागे आणि घराच्या किल्ल्या सासूच्या कनवटीला राहत, ह्यात ह्या शरीरधर्माचा भाग बराच होता. १९७५ साली मार्शा फ्लिंट नावाच्या अमेरिकन अभ्यासक बाईंनी आपल्याकडील राजस्थान व हिमाचल भागातल्या सुमारे पाचशे रजपूत स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध केली. पाळी गेल्यावर पाश्चात्त्य बायका ज्या तक्रारी करतात, त्या ह्या बायकांनी जवळजवळ केल्याच नाहीत, असे त्यांना आढळले. पडदा सुटला, मान वाढला. मग तक्रार कशाची? हा निबंध जगभर गाजला, आणि हिंदी बाईला ह्या वयात त्रासच होत नाही, असा एक सोयीस्कर समज त्यातून पसरला.

मला हा समज मान्य नाही. मान वाढला म्हणून हाड ठिसूळ व्हायचे थांबत नाही. अंडाशयातून स्रवणारे इस्ट्रोजेन नावाचे द्रव्य ह्या वयात ओसरते. त्याबरोबर शरीरातले उष्णतेचे नियमन डळमळते. भर थंडीत अंगातून वाफा निघाल्यासारखे होते, रात्री घामाने पातळ भिजते, झोप उडते, जीव विनाकारण घाबरा होतो. पुढील वर्षांत हाडांतला चुना झपाट्याने कमी होतो. वयाच्या मानाने पाहिले तर पाश्चात्त्य देशांत पाळी साधारण एकावन्नाव्या वर्षी जाते. आपल्याकडे ती सेहेचाळीस-सत्तेचाळिसाव्या वर्षीच जाते. म्हणजे आपल्या बायकांच्या वाट्याला ही अवस्था चारपाच वर्षे आधी येते आणि तितकीच अधिक टिकते. तक्रार न करणे आणि त्रास नसणे ह्या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हे वर्गात चाळीस मुले सांभाळलेल्या मास्तरास कोणी शिकवावयास नको.

शिवाय सोवळ्याचा हा मान मिळाला तो गिरगाव-दादरच्या पांढरपेशा घरांत. लालबाग-परळच्या चाळीत दहा फुटी खोलीत सातआठ माणसे राहत, पाण्याचा नळ आणि संडास मजल्यावर सामाईक. तेथे पाळी जाण्याचा लाभ म्हणजे फडकी धुवून कोठे वाळत घालावी ही चिंता मिटली, एवढाच. गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून एकटे आलेले हजारो कामगार खानावळीत जेवत, आणि ह्या खानावळी बहुतेक बायकाच चालवीत. पहाटे उठून पाळीच्या कामगारांचे डबे, मग दुपारची पंगत, मग रात्रीची. चुलीपुढे किंवा स्टोव्हपुढे दिवसभर बसणाऱ्या पन्नाशीच्या बाईच्या अंगातून वाफ निघाली, तर ती आतली की बाहेरची हे तिने तरी कसे ओळखावे? १९७५ साली प्रेमा पुरव यांनी ह्या खानावळवाल्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढले, ते सावकाराच्या व्याजातून त्यांना सोडविण्यासाठी. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि तो कधी रीतसर मिटलाच नाही; त्यानंतर अनेक घरांचा गाडा ह्याच वयाच्या बायकांनी ओढला. अशा बाईला ‘तुला झोप येते का’ असे विचारणारा कोण होता?

आता इस्पितळांकडे वळू. बायका दुखणे घेऊन डॉक्टरकडे जात नसत, ह्याचे पहिले कारण डॉक्टर पुरुष असत हे होय. १८८३ साली बंगालमधील श्रीरामपूर येथे आनंदीबाई जोशी यांनी जाहीर व्याख्यान देऊन, आपण अमेरिकेस वैद्यक शिकण्यास का जात आहोत, ते सांगितले. लज्जेमुळे आमच्या बायका पुरुष वैद्यापुढे दुखणे उघड करीत नाहीत, म्हणून ह्या देशात स्त्रीवैद्य हव्यात, हा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. त्याच वर्षी मुंबईत जॉर्ज किट्रेज नावाच्या अमेरिकन व्यापाऱ्याने आणि सोराबजी शापुरजी बंगाली यांनी, विलायतेहून स्त्रीडॉक्टर आणण्यासाठी निधी उभारला. पेस्तनजी होरमसजी कामा यांनी लाखावर रुपये दिले. १८८३ च्या नोव्हेंबरात पायाभरणी झाली, मुंचेरजी मर्झबान यांनी इमारत बांधली आणि १८८६ साली कामा इस्पितळ उघडले. त्याचा कारभार स्त्रीडॉक्टरांच्याच हाती राहावा, असा देणगीचा हेतू होता. ग्रँट मेडिकल कॉलेजाची दारेही ह्याच खटपटीतून मुलींना मोकळी झाली.

ह्या कामासाठी आलेल्या डॉ. एडिथ पीची ह्या बाईंविषयी दोन शब्द अधिक बोलल्यावाचून राहवत नाही. एडिनबरोच्या विद्यापीठात स्त्रियांना वैद्यक शिकता यावे म्हणून ज्या सात जणींनी झगडा मांडला, त्यांतल्या ह्या एक. रसायनशास्त्राच्या परीक्षेत त्या वरच्या क्रमांकाने आल्या, आणि त्यांच्या हक्काची शिष्यवृत्ती त्यांच्याखालच्या क्रमांकाच्या विद्यार्थ्याला दिली गेली. अशी जळजळीत आठवण घेऊन ही बाई १८८३ च्या अखेरीस मुंबईस आली. कामा इस्पितळ बांधून होईपर्यंत खेतवाडीत तात्पुरता दवाखाना चालविला गेला आणि तेथे बायकांची रीघ लागली. बायका डॉक्टरकडे येतच नाहीत, ही तक्रार खेतवाडीच्या त्या दवाखान्याने खोटी पाडली; त्या येत नव्हत्या, कारण आत बसलेला माणूस त्यांना नको होता. डॉ. सखाराम अर्जुन यांची सावत्र मुलगी रखमाबाई, जिच्या नवऱ्याने तिला नांदावयास नेण्यासाठी मुंबईच्या हायकोर्टापर्यंत दावा नेला, तिला विलायतेस वैद्यक शिकण्यास पाठविण्याच्या कामीही पीचीबाईंचे साहाय्य झाले. १८९४ साली डॉक्टर होऊन रखमाबाई परतल्या, काही काळ कामा इस्पितळात राहिल्या आणि मग सुरतेस गेल्या.

ह्या पहिल्या पिढीचा उद्देश पाहा. स्त्री आजारी पडली तर तिला स्त्रीडॉक्टर मिळावी, एवढा तो साधा आणि व्यापक होता. त्यात तिचे वय किती आणि तिला मूल होणार की नाही, हा प्रश्न नव्हता. पण पुढच्या चाळीसएक वर्षांत हे क्षेत्र आकसले, आणि इस्पितळ म्हणजे बाळंतपण असे समीकरण झाले. का झाले, त्याला कारण होते, आणि ते क्षुल्लक नव्हते. १९२१ साली मुंबई शहरात नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे मरणाऱ्या तान्ह्या मुलांचा आकडा सहाशेंच्या वर गेला होता. हा आकडा थोडा फुगलेला आहे, कारण पुष्कळ बायका बाळंतपणास कोकणात जात. जन्म तिकडे लिहिला जाई आणि मृत्यू मुंबईत. तरी तो वजा घालूनही जे उरते ते अंगावर काटा आणणारे आहे. सरकारने डॉ. बार्न्स ह्या बाईंकडून गिरण्यांतील स्त्रियांची चौकशी करविली, ती बाळंतपणाविषयी. १९२६ साली परळला नौरोजी वाडिया प्रसूतिगृह निघाले. त्याच वर्षी, त्याच परिसरात, के. ई. एम. इस्पितळही सुरू झाले. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूतिभत्त्याच्या विधेयकास डॉ. आंबेडकरांनी पाठिंबा दिला आणि १९२९ साली तो कायदा झाला.

हे सर्व झाले ते उत्तमच झाले. त्याला नावे ठेवणारा मनुष्य कृतघ्न म्हटला पाहिजे. वाडियाच्या प्रसूतिगृहात जन्मलेली मुले माझ्या वर्गात किती बसली, ह्याची गणतीच नाही. परंतु ह्या वाटेने जाता जाता आपल्या मनात एक गोष्ट घट्ट बसली, की बाईचे शरीर वैद्यकाच्या लेखी मोलाचे ते मुलाच्या निमित्ताने. मूल व्हावे म्हणून प्रसूतिगृह. आणि मूल होऊ नये म्हणून कर्व्यांचे संततिनियमनाचे केंद्र, जे त्यांनी १९२१ साली मुंबईत उघडले. कर्व्यांचे धैर्य मोठे, पण त्यांच्या दारातही पन्नाशीच्या बाईचे काम नव्हते. स्वातंत्र्यानंतर कुटुंबनियोजनाची केंद्रे गल्लोगल्ली निघाली, त्यांचीही तीच कथा. ज्या बाईच्या बाबतीत मुलाचा प्रश्नच मिटला, तिने कोणत्या दाराने आत यावे? बहुतेक इस्पितळांत ह्या विभागाच्या पाटीवर ‘स्त्रीरोग व प्रसूती’ असे असते. बाकावर दोहों बाजूंना पोट पुढे आलेल्या कोवळ्या सुना आणि मध्ये ही आपली पांढऱ्या केसांची सासू. नातेवाईक भेटला तर तो प्रथम विचारणार, कोणाला घेऊन आलात? ‘माझ्यासाठी आले’ असे म्हणण्याचा धीर फार थोड्या जणींना होतो.

मोजणीतही तेच. १९९२-९३ पासून देशात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी होत आली, आणि तिची सूत्रे मुंबईतच, देवनारच्या लोकसंख्याविज्ञान संस्थेच्या हाती राहिली. ही पाहणी पंधरा ते एकोणपन्नास वर्षांच्या स्त्रियांना प्रश्न विचारते. पन्नासावा वाढदिवस झाला की त्या मोठ्या प्रश्नावलीतून बाई बाहेर. पंचेचाळिशीपुढील माणसांची निराळी पाहणी त्याच संस्थेने हाती घेतली आणि तिची पहिली फेरी २०१७-१८ साली झाली. जी गोष्ट मोजली जात नाही तिला सरकारदरबारी खर्च मंजूर होत नाही, हे शाळेच्या पटावरून मी पक्के शिकलो आहे.

ह्या काळात पाश्चात्त्य देशांत काय चालले होते तेही थोडक्यात सांगतो. तिकडे ह्या अवस्थेला नाव मिळाले ते गार्डान नावाच्या फ्रेंच डॉक्टरकडून, १८१६ ते १८२१ च्या दरम्यान. १८५७ साली लंडनच्या डॉ. टिल्ट यांनी तिच्यावर एक मोठा ग्रंथच लिहिला. १९२९ साली अमेरिकेत डॉइझी आणि जर्मनीत बुटेनान्ट यांनी स्वतंत्रपणे ते स्त्रीद्रव्य शुद्ध करून दाखविले, आणि १९४२ पासून गाभण घोड्यांच्या मूत्रातून काढलेल्या द्रव्याच्या गोळ्या अमेरिकेत विकावयास आल्या. १९६६ साली विल्सन नावाच्या एका डॉक्टरने पुस्तक लिहून ह्या गोळ्या म्हणजे चिरतारुण्य असा डांगोरा पिटला. १९७५ साली, केवळ इस्ट्रोजेन घेणाऱ्यांत गर्भाशयाचा कर्करोग वाढतो असे निघाले. २००२ साली सोळा हजारांवर स्त्रियांवरील मोठा प्रयोग स्तनांच्या कर्करोगाचा व हृदयविकाराचा धोका दिसला म्हणून थांबवावा लागला, आणि जगभरच्या डॉक्टरांनी ह्या गोळ्यांना हात लावणेच सोडले. पुढे उलगडा झाला, की त्या प्रयोगातील बायका सरासरी त्रेसष्ट वर्षांच्या होत्या. साठीच्या आत, पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या दहा वर्षांत, तपासणी करून दिलेल्या औषधाचा हिशेब निराळा आहे. एकदा अमृत, एकदा विष, आणि आता मात्रेने औषध, असा हा प्रवास. दादरच्या सुखवस्तू घरातील बाईला निदान त्यातली एखादी फेरी तरी भेटली. लालबागच्या बाईला ह्यातले काहीच भेटले नाही.

तिच्यापाशी काय होते? वाण्याकडून किंवा औषधीच्या दुकानातून आणलेली अशोकारिष्टाची बाटली, शतावरी, सुंठ, आणि शेजारणीचा अनुभव. ह्या औषधांची मी थट्टा करीत नाही. त्यांनी धीर दिला, आणि धीरही कमी मोलाचा नसतो. पण ह्या सर्वांहून मोठे औषध म्हणजे आपल्या भाषेतील एक क्रियापद, अंगावर काढणे. दुखणे अंगावर काढणाऱ्या बाईची आपण वाखाणणी करतो. माझ्या वाचनात स्त्रियांची जी जुनी आत्मचरित्रे आली, त्यांत बाळंतपणे आणि मुलांचे मृत्यू पानोपानी आहेत. पाळी गेल्यावर झालेल्या त्रासाचा शब्द मला क्वचितच दिसला.

अंगावर काढण्याची हद्द संपली, की दुसऱ्या टोकाला आणखी एक शब्द उभा असतो: पिशवी काढणे. गर्भाशयाला आपण पिशवी म्हणतो, आणि रिकाम्या पिशवीचे घरात काय काम, असा त्या शब्दातला तर्क आहे. ह्या तर्काने काय अनर्थ केला, तो पाहण्यास मुंबई सोडून थोडे मराठवाड्यात जावे लागेल. बीड जिल्ह्यातून दरवर्षी नवराबायकोच्या जोड्या ऊस तोडण्यास पश्चिमेकडे जातात. जोडीला एक कोयता म्हणतात. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते. एक दिवस खाडा झाला तर दंड. फडात संडास नाही, आडोसा नाही, पाणी नाही. अशा बाईला पांढरे जाऊ लागले किंवा पाळी अंगावर जास्त गेली, की ती खाजगी दवाखान्यात जाई, आणि तेथे तिला सांगण्यात येई की पिशवीला कर्करोग होईल, काढून टाका. हा प्रकार बोभाट्यावर आल्यावर, विधानपरिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. २०१९ साली तिचा अहवाल आला. सुमारे ब्याऐंशी हजार ऊसतोड बायकांपैकी तेरा हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली होती. त्यांतल्या कितीतरी तिशी-चाळिशीतल्या. पिशवीबरोबर अंडाशयही काढले, तर पन्नाशीची अवस्था दुसऱ्या दिवशीच अंगावर कोसळते. अंडाशय ठेवले तरी ती लवकर येते. म्हणजे पुढची पंचवीस-तीस वर्षे हाडांनी आणि हृदयाने हा हिशेब चुकवीत राहावयाचे. २०२३ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने, अनावश्यक शस्त्रक्रियांना आळा घालणारी मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत अमलात आणा, असे सर्व राज्यांना फर्मावले.

ह्या बायकांना ज्या रोगाची भीती घालण्यात आली, तो रोग खोटा नव्हे, ही ह्यातली क्रूर गोष्ट आहे. त्यासाठी परत परळला आले पाहिजे. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी येथे टाटा स्मारक इस्पितळ उघडले. दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या, त्या दुःखातून ह्या इस्पितळाची कल्पना निघाली. १९६३ साली मुंबईत कर्करोगाची नोंदवही सुरू झाली, आणि त्या पहिल्या दशकांत ह्या शहरातील स्त्रियांत गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग सर्वांत अधिक आढळे. पुढे स्तनांच्या कर्करोगाने त्याला मागे टाकले. पाळी जाऊन बारा महिने लोटल्यावर पुन्हा रक्त दिसले, तर ते तपासून घ्यावे, हा वैद्यकाचा साधा नियम आहे. पण आपल्याकडे बाई काय म्हणते? पाळी परत आली. ह्या वयात असे व्हायचेच. म्हणून ती आणखी सहा महिने अंगावर काढते, आणि इस्पितळात येते ती तिसऱ्या-चौथ्या टप्प्याला.

ह्यावर टाटा इस्पितळातील डॉक्टरांनी १९९८ पासून मुंबईच्या झोपडवस्त्यांत एक प्रयोग केला. पस्तीस ते चौसष्ट वर्षांच्या दीड लाख स्त्रिया त्यात होत्या. वस्त्यांचे दोन गट केले. एका गटातील बायकांची दर दोन वर्षांनी तपासणी, दुसऱ्या गटाला केवळ रोगाची माहिती. तपासणीची रीत अत्यंत स्वस्त. शिर्क्यासारखे सौम्य आम्ल, चार टक्के तीव्रतेचे, गर्भाशयाच्या मुखास लावावयाचे. एका मिनिटात बिघडलेला भाग पांढरा दिसतो. आणि हे काम करणार कोण? डॉक्टर नव्हे, परिचारिका नव्हे. दहावीपर्यंत शिकलेल्या स्थानिक बायका निवडल्या, त्यांना काही आठवडे शिकविले, आणि त्या घरोघर फिरल्या. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकचे. ह्या इयत्तेच्या शिक्षणात माणसाला काय जमते आणि काय जमत नाही, ह्यावर शहाण्यांची प्रवचने मी पुष्कळ ऐकली आहेत. ह्या बायकांची तपासणी तज्ज्ञांच्या तपासणीशी ताडून पाहिली गेली आणि ती चांगलीच जुळली.

२०१३ साली निष्कर्ष जाहीर झाला. तपासलेल्या गटात ह्या रोगाने होणारे मृत्यू एकतीस टक्क्यांनी कमी झाले होते. त्याबरोबर वादही उठला. दुसऱ्या गटातील शहात्तर हजार बायकांना इतकी वर्षे तपासणीवाचून का ठेवले, त्यांच्यातील मृत्यूंचा जाब कोण देणार, असे टीकाकारांनी विचारले. डॉक्टरांचे उत्तर असे, की त्या वेळी देशात कोठेही अशी नियमित तपासणी नव्हती, म्हणून त्या गटाला नेहमीपेक्षा कमी असे काही दिले नाही. हे उत्तर खरे आहे. पण ते प्रयोगावर जितके बोलते त्याहून अधिक आपल्या नेहमीच्या व्यवस्थेवर बोलते, आणि मला ते ऐकताना बरे वाटत नाही.

ह्याच फेऱ्यांत त्या दहावी शिकलेल्या बायका स्तनांचीही हातांनी तपासणी करीत. वर्षानुवर्षे दार ठोठावून, आत शिरून, खोलीत पुरुष नाही ना ते पाहून, त्या समोरच्या बाईला तिच्या अंगाविषयी विचारीत. तिच्या मुलाविषयी नव्हे, नातवाविषयी नव्हे. वीस वर्षांचा हिशेब पुरा झाल्यावर २०२१ साली त्याचेही आकडे प्रसिद्ध झाले. सर्व वयांच्या स्त्रिया एकत्र धरता मृत्यूतील घट लहान होती, आणि ती योगायोगाची नव्हे असे ठामपणे म्हणता येत नव्हते. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत मात्र स्तनांच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे तीस टक्क्यांनी कमी झाले होते.